जाऊन राह्यलं

इंगोले सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्यात, वर्तमानपत्राच्या कार्यालयात, दुसऱ्याच कुणाची तरी निधनवार्ता तपासत होतो. वेळ, ठिकाण, कारण... त्याच क्रमाने मी फोनवर प्रश्न विचारले. अनसिंगला, राहत्या घरी, हृदयविकाराचा झटका. थायरॉइडच्या कॅन्सरचा याच्याशी संबंध नव्हता. तो दोन वर्षांपूर्वीच बरा झाला होता. गावात अजून वेगळे बोलले जाते, म्हणून हे नोंदवतो.

सरांनी आम्हाला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवले. अणूच्या विघटनाची समीकरणे हा त्यांचा आवडता भाग. बाणाच्या दोन्ही बाजूंना वरच्या आकड्यांची, म्हणजे वस्तुमानांकांची, बेरीज सारखी. खालच्या अणुक्रमांकांचीही सारखी. अनोळखी तुकड्याच्या जागी ते प्रश्नचिन्ह काढत आणि म्हणत, "घाबरू नका. बाकीच्यायले विचारा, तेच सांगतीन हा कोन हाय ते."

थायरॉइडची गाठ काढल्यावर नागपूरला त्यांना किरणोत्सारी आयोडीन दिले. घरी आल्यावरही काही दिवस लहान मुलांपासून दूर राहायचे होते. घरात सव्वा वर्षाची नात होती, सई. ती दाराशी येऊन हात वर करी आणि सर आपले हात पाठीमागे बांधून घेत. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपले त्या दुपारी मी तिथे होतो. निर्मलाकाकू, सरांच्या पत्नी, सईला कडेवरून उतरवायला तयार नव्हत्या.

"अवो, ते आयोडीन पुरं गेलं का?"

"जाऊन राह्यलं न व."

"जाऊन बी राह्यलंच न मंग!"

वऱ्हाडीत 'जाऊन राह्यलं' म्हणजे 'जात आहे'. काकूंनी मात्र त्यातला उरल्याचा अर्थ धरला आणि सोडला नाही. सरांनी वही ओढली. डावीकडे आयोडीन, एकशे एकतीस. उजवीकडे इलेक्ट्रॉन, वरचा आकडा शून्य, शेजारी प्रश्नचिन्ह.

सातवी शिकलेल्या काकूंनी वहीकडे पाहिले. "एकशे एकतीस."

"शाब्बास!"

"म्हंजे काहीच कमी नाई झालं. अन् पोरीले काहून मांगून राह्यले?"

उत्तर बरोबर होते. मी हसलो, सर हसले नाहीत. जन्मभर शिकवलेले समीकरण त्यांच्याच विरुद्ध साक्ष देत होते. त्यांनी सावकाश खालचे आकडे लिहिले... इलेक्ट्रॉनचा उणे एक, म्हणून त्रेपन्नाचे चौपन्न झाले होते.

"आकडा तोच, पन आयोडीन नाई राह्यलं. त्याचा झेनॉन झाला. झेनॉन गरीब हाय, कोनाले काही करत नाई. अन् बरंचसं औषध त लघवीतूनच गेलं. उरलं ते धरूनच डॉक्टरनं दिवस सांगतले."

काकू वहीकडे बघत राहिल्या. "आकडा तोच राहून सोभाव बदलते? तुमच्यात त एवढ्या वर्षांत नाई दिसलं," म्हणाल्या, आणि सईला त्यांच्या मांडीवर ठेवले. सरांनी वही बाजूला सारून तिला दोन्ही हातांनी धरले.

शस्त्रक्रियेनंतर सरांचा आवाज बसला होता. सईने त्यांच्या गळ्यावर तळहात ठेवला की ते घशातल्या घशात खोल घुमत आणि हाताला गुदगुल्या होऊन ती खिदळत असे. नंतर तो दोघांचा रोजचा खेळ झाला.

मागच्या रविवारी अनसिंगला गेलो. सईला उचलून घेतले, तर तिने माझ्या गळ्यावर हात ठेवला आणि वाट पाहू लागली.

"आवाज काढ न बापा," काकू हळूच म्हणाल्या.

मी घुमलो. सईने क्षणभर ऐकले... आणि हात काढून घेतला.