देवीनं पाठवलेली दातांची डॉक्टरीण

देवीवर माझा विश्वास होता, पण त्या आठवड्यात तो फारसा उरला नव्हता. खालच्या दाढेनं जबडा सुजला, तोंडात बोटसुद्धा जाईना. चार दिवस पेजेवर काढले. पाचव्या दिवशी पेजही गिळवेना, ताप चढला. सरकारी दवाखाना माझ्या घरापासून हाकेवर आहे, आणि तिथं दातांची डॉक्टरीण होती. तरी मी गेले नाही. हळद लावली, अंगारा लावला, पण तिथं गेले नाही.

कारण सांगते. आम्ही ढिवर, तळ्यावर जगणारी माणसं. हंगामाचं पहिलं जाळं पडलं की त्यातला मोठा मासा गावातल्या मानाच्या माणसाकडे जातो. दवाखान्यातली दातांची खुर्ची कित्येक वर्षं चादरीखाली होती. त्या खुर्चीसाठी ही मुलगी एवढ्या लांबून, सांगलीकडून आली, म्हणून त्या वर्षीचा मासा तिला द्यायचं ठरलं. वयानं मोठी म्हणून तो मी नेला. तिनं दारातच हात जोडले. "आज नको, आजी," म्हणाली. मी तशीच मागं फिरले आणि गावभर सांगितलं, "आमच्या हातचं चालत नाही तिले."

गावानं लगेच खरं मानलं. तिला कोणी खोली दिली नाही. दवाखान्यामागच्या गळक्या क्वार्टरात ती वर्षभर राहिली. दाढ दुखली की बाया तिच्या दारावरून बसस्टॉपवर जायच्या आणि जिल्ह्याच्या गावी, भंडाऱ्याला जायच्या.

सहाव्या दिवशी मी बसनं तालुक्याला, मोहाडीला, देवीच्या देवळात गेले. मनातच म्हटलं, "माय, कोणाले तरी पाठव, नाही तं मले उचल." पायऱ्या उतरताना डोळ्यांपुढं अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा कोणीतरी माझी हनुवटी उजेडाकडं वळवून पाहत होतं. तीच होती. बदलीच्या कागदांसाठी तालुक्याला आली होती, जाताजाता देवीला हात जोडायला थांबली होती. दुपारच्या गाडीनं कायमची निघणार होती.

"आजी, किती दिवस झाले याला? मी शेजारीच होते ना!"

मला बोलता येत नव्हतं, ते बरंच झालं.

तिनं मला ऑटोत घालून गावी आणलं. दवाखान्याचा शिपाई दारात आडवा उभा राहिला. "म्याडम, तुम्ही तं रिलीव झाल्या. आता चाबी कशी देऊ?"

"बदली माझी झालीय, आजींच्या दाढेची नाही. उघडा."

तिनं पू काढला, सुई दिली. सूज गळ्यात उतरली असती तर श्वासच कोंडला असता, म्हणाली. तिची गाडी गेली. दुसऱ्या सकाळी मला तपासूनच ती निघाली. तोवर माझा जबडा थोडा हलू लागला होता.

"मासा काहून परत केला वं?" मी विचारलं.

"चतुर्थीचा उपास होता, आजी. दुसऱ्या दिवशी वाट पाहिली मी. कोणी आलंच नाही."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"कुणाला सांगू? माझ्याशी बोलत कोण होतं?"

"आता इथंच राय ना, माय."

"आता सही झाली, आजी."

रागानं बोलली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

खुर्चीवर पुन्हा चादर आहे. मध्ये एक डॉक्टर क्वार्टर पाहून गेला, तो परत आला नाही. पारावरची माणसं सरकारला शिव्या देतात. सरकार निकामी आहेच, पण तिला सरकारनं घालवलं नाही. मी घालवलं, आणि गावानं साथ दिली.

मी आज भात चावून खाते, ही देवीची कृपा. ती मी नाकारत नाही. पण देवीपुढं डोकं टेकवणं सोपं असतं, ती उलट काही विचारत नाही. माणसाच्या दारात जाऊन 'माझं चुकलं' म्हणणं, ते खरं शरण जाणं. ते मला वेळेवर जमलं नाही. आता देवळात जाते तेव्हा हात जोडते आणि परत येते. मागत काही नाही. मी मागण्याआधीच देवीनं पाठवलं होतं, वर्षभर ते माझ्या शेजारी राहत होतं, आणि मी ते ठेवून घेतलं नाही.