तबूकचा बर्फ आणि राबिघची मीठवाट

रियाधमधल्या आमच्या मराठी ग्रुपवर दर हिवाळ्यात कुणीतरी बर्फाचा व्हिडिओ टाकतं. पांढरा डोंगर, पायथ्याशी दोन उंट आणि खाली लिहिलेलं असतं, ‘तबूक, आज सकाळी’. त्यावर आमच्या घरातलं मत ठरलेलं. नवरा म्हणतो, हा तुर्कस्तानचा डोंगर आहे आणि उंट नंतर चिकटवलेत. बँकेत जोखीम तपासणाऱ्या माणसाशी लग्न केलं की उंटावरसुद्धा विश्वास ठेवायची सोय राहत नाही.

यंदा लेकीने त्याचं काही चालू दिलं नाही. शाळेला सुट्टी होती आणि हवामान खात्याने बर्फाचा अंदाज दिला होता. तिने उत्तरेकडच्या तबूकच्या विमानाची तिकिटं शोधून फोन बाबांच्या नाकासमोर धरला. नवऱ्याने बराच वेळ थंडी, रस्ता, भाड्याची गाडी अशा अडचणी काढून पाहिल्या आणि मग कपाटातून माकडटोपी काढली. माकडटोपी निघाली म्हणजे होकार, हे आम्हां दोघींना कळतं.

तबूकहून सकाळी निघालो तेव्हा दोन्ही बाजूंना नुसतं वाळवंट होतं आणि नवरा समाधानाने गाडी चालवत होता. बर्फ नव्हता, म्हणजे त्याचं बरोबर होतं. डोंगराचा चढ सुरू झाला तशा काटेरी झुडपांच्या बुडाशी पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या. लेक म्हणाली, “बाबा, दॅट इज स्नो.” बाबा म्हणाले, चुना असेल. पुढच्या वळणावर पोलिसांनी गाड्या थांबवल्या होत्या, वर रस्ता निसरडा झाला होता. आम्ही उतरलो आणि समोरचं पाहून चुन्याची चर्चा संपली.

खाली लांबवर पसरलेलं सपाट माळरान पांढरं झालं होतं. मधूनमधून लाल खडक वर आलेले होते. काळ्या झुडपांवर बर्फाचे पुंजके बसले होते. एक पायवाट त्या पांढऱ्यातून तिरकी खाली उतरत गेली होती. लेक फोटो काढत पुढे पळाली. मी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत होते, कारण चूक कबूल करताना तो कसा दिसतो हे बघायची संधी वरचेवर येत नाही.

तो म्हणाला, “अगदी आपल्या राबिघच्या मिठासारखं दिसतंय, नाही?”

मला नवलच वाटलं. लग्न झाल्यावर आमची पहिली काही वर्षं तांबड्या समुद्राकाठच्या राबिघला गेली. नवरा तेव्हा तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या हिशेबखात्यात होता. गाव छोटं, मला करायला काही नाही, म्हणून संध्याकाळी फिरायला जायचं ठरलं. आमच्या इमारतीमागून समुद्राकडे एक वाट जायची. भरतीचं पाणी मागे राहून वाळलेलं, त्यामुळे तिथे जमिनीवर मिठाचा पांढरा पापुद्रा धरलेला असे. पाय ठेवला की कुरकुरायचा. आम्ही तिला मीठवाट म्हणायचो.

‘आम्ही’ म्हणजे मी आणि वरच्या मजल्यावरच्या आपा. त्या रत्नागिरीकडच्या. त्यांच्या मिस्टरांचं गावात किराणा दुकान होतं. परक्या मुलखात जिन्यात कुणीतरी मराठीत “नवी आलीस काय गो?” असं विचारलं, तेव्हा मी तिथेच पायरीवर बसले होते. आपांना डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं होतं. त्या ते मनावर घेऊन रोज यायच्या आणि चार पावलं टाकून एखादी गोष्ट सांगायला थांबायच्या. बोलताना चालायचं नाही, असा त्यांचा नियम होता आणि बोलणं काही संपायचं नाही. परतताना अफगाणी भट्टीवरून गरम तमीस रोटी घ्यायची आणि घर येईपर्यंत तोडून तोडून संपवायची. त्यांचं वजन कमी झालं नाहीच, माझं मात्र वाढलं.

आणि या सगळ्यात नवरा कायम आमच्या पुढे. बराच पुढे. हातात मिटलेली छत्री. राबिघमध्ये पाऊस पडत नाही, संध्याकाळी ऊन नसतं, तरी छत्री. मी किती चिडवलं असेन त्याला. सासरची इस्टेट घेऊन फिरतोस का, म्हणायचे. आपा हसून सोडून द्यायच्या. माझी पक्की समजूत होती की या माणसाला आजूबाजूचं काही दिसतच नाही, तो फक्त चालणं उरकतो.

आता तो डोंगराच्या कडेला उभा राहून एकेक सांगायला लागला. वाटेच्या तोंडाशी उलटी टाकलेली निळी होडी होती. आपांनी दम खायला ठरवलेला एक सिमेंटचा पाइप होता. एकदा माझी चप्पल ओल्या मिठात रुतून तिथेच राहिली आणि मी एक पाय उचलून उभी होते.

मी म्हटलं, तू तर मैलभर पुढे असायचास, तुला चप्पल कशी दिसली?

“मागे वळून बघायचो की,” तो म्हणाला. “त्या होडीच्या पलीकडे कुत्री असायची. टोळीच होती. तुम्ही पोचायच्या आधी हाकलावी लागायची.”

मी कुत्र्यांना फार घाबरते. पण खरी गोष्ट अशी की तो माझ्याहून जास्त घाबरतो. रियाधच्या आमच्या गल्लीत साखळीतलं कुत्रं दिसलं तरी तो पलीकडच्या फुटपाथला जातो. त्यामुळे मला हे जरा फुगवलेलं वाटलं. जोखीम तपासायची तर नीट तपासावी, म्हणून मी तिथल्या तिथे आपांना व्हिडिओ कॉल लावला. त्या आता रत्नागिरीला असतात, मुलाकडे. आधी त्यांना बर्फ दाखवला. त्यांनी तो पाहून, भुईवर एवढा वरी तांदूळ कुणी सांडला, असं विचारलं. मग मी कुत्र्यांचं विचारलं.

त्या हसल्या. “तुला अजून ठाऊक नाही? छत्री कशाला होती मग? आमच्या मिस्टरांना म्हणाले होते ते, हिला सांगू नका, कळलं तर घरातून निघणार नाही, आणि निघाली नाही तर रडत बसेल.”

नवरा माकडटोपी खाली ओढत दुसरीकडे बघायला लागला.

त्या दिवसांत मी खरंच रडायचे. कुणाला दिसत नाही अशा बेताने, न्हाणीघरात नळ सोडून. त्याला माहीत होतं, हे मला त्या डोंगरावर कळलं. मी म्हटलं, “मग भीती नाही वाटायची तुला?”

“वाटायची ना,” तो म्हणाला. “म्हणून तर मोठी छत्री घेतली होती.”

फोनवर आपा अजून होत्याच. एवढं लांब जाऊन गाडीपाशी काय उभे राहिलात, चाला की, असं त्यांनी फर्मावलं. आम्ही त्या तिरक्या पायवाटेने उतरायला लागलो. बर्फ मिठासारखा कुरकुरला नाही, भुसभुशीत निघाला आणि थेट बुटात शिरला. नवरा एकदा घसरून सावकाश खाली बसला. लेकीने त्याचा व्हिडिओ काढला आणि हा तरी तुर्कस्तानचा नाही, असं सांगून ग्रुपवर टाकला.

खाली एक सौदी कुटुंब शेकोटी करून बसलं होतं. आजोबांच्या अंगावर जाड फर्वा, लोकरीचं अस्तर असलेला लांब कोट. त्यांनी नवऱ्याची ओली पँट पाहिली आणि काही न विचारता आम्हांला शेकोटीजवळ बसवलं. वेलदोड्याचा गहवा, म्हणजे अरबी कॉफी, आला, खजूर आले. आजोबांनी विचारलं, तुमच्याकडे बर्फ पडतो का? नवऱ्याने मोडक्या अरबीत पडत नाही म्हणून सांगितलं. मग ते म्हणाले, त्यांच्या लहानपणी हे इतकं बघायला कुणी येत नसे, शेळ्या आत घ्यायच्या एवढंच काम असायचं.

परतताना गाडीत हीटर लावून मोजे वाळवत होतो. लेकीने मागून मीठवाटेबद्दल विचारलं, “हाउ लाँग वॉज दॅट वॉक, एनीवे?” मी म्हटलं, समुद्रापर्यंत म्हणजे चांगलं लांब होतं. नवरा म्हणाला, छे, हाकेच्या अंतरावर होतं, आपांमुळे लांब वाटायचं. तबूक येईपर्यंत आमचं एकमत झालं नाही. लेक कधीच झोपली होती.