छातीतला गळ

सासूबाई रवळनाथाला कौल लावायला जायच्या, तेव्हा मी देवळाबाहेर स्कूटरवर बसून राहायचे. त्यांना नेणं-आणणं माझं काम, आतल्या गोष्टीशी माझा संबंध नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. आमच्याकडे गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि तुमचा प्रश्न देवापुढे मांडतो. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सासूबाईंचा प्रश्न दर वेळी एकच असायचा : माझा मुलगा माझ्यामुळे गेला का? आणि दर वेळी पाकळ्या जागच्या हलायच्या नाहीत. गुरव शेवटी म्हणायचा, "आज जावा, काकी. मगे कधीतरी येवा." बाहेर येऊन चपला शोधता शोधता त्या मला सांगायच्या, "देव माझ्यावांगडा बोलणा नाय गो."

माझे यजमान तारकर्लीला होडीतून पर्यटकांना फिरवायचे. त्यांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा आमच्या भागात स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवण्याची सोय नव्हती. घाटावरच्या एका मोठ्या रुग्णालयात स्टेंट बसवला. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या सुरू झाल्या. मी नर्स आहे, गोळ्या चुकवायच्या नाहीत हे मी घरात सगळ्यांना सांगितलं होतं. पण काही महिन्यांनी त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. सासूबाईंनी थुंकीतलं रक्त पाहिलं आणि घाबरून म्हणाल्या, "एक गोळी ऱ्हवांदे रे दोन दिवस." मी ड्युटीवर होते. आईचं ऐकून त्यांनी गोळी सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी होडी पाण्यात ढकलताना ते वाळूवर बसले, ते उठलेच नाहीत. शवविच्छेदनात कळलं, स्टेंटमध्ये रक्ताची गाठ झाली होती. स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांना मी कधी समोर पाहिलं नव्हतं, पण फोन करून गोळी सुटल्याचं सांगितलं.

मी सासूबाईंना कधी दोष दिला नाही. पण 'तुमच्यामुळे नाही' असंही म्हणाले नाही, कारण मला ते ठाऊक नव्हतं. खोटं बोलून समजूत काढणं मला जमत नाही. आम्ही दोघी एका घरात राहत होतो, एकत्र जेवत होतो आणि तो प्रश्न आमच्या दोघींच्या मध्ये पाटावर बसलेला असायचा. त्या खंगत चालल्या होत्या. भात चिवडून ताट सरकवायच्या. "खावा थोडा," म्हटलं की मुलाच्या आठवणीने म्हणायच्या, "झील उपाशी गेलो माझो." देवावर माझा राग नव्हता. रागावण्याइतकी ओळखच मी ठेवली नव्हती.

पुढे आमच्या रुग्णालयात कॅथलॅब सुरू झाली. हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासून त्यात स्टेंट बसवतात ती ही खोली. मी त्या कामाला लागले. असं काम करणाऱ्यांना अधूनमधून प्रशिक्षणाला जावं लागतं. गेल्या वर्षी स्टेंटच्या सुरक्षिततेवर कोल्हापूरला वर्ग होता, पण त्यात माझं नाव नव्हतं. जाणाऱ्या सिस्टरचा मुलगा आदल्या दिवशी तापाने फणफणला आणि मला पाठवलं. कुरकुरत फोंडाघाट चढले. दुपारी एक डॉक्टर बोलायला उभे राहिले. म्हणाले, "आता माझी स्वतःची चुकलेली केस दाखवतो." रुग्णाचं नाव झाकलेलं होतं. पडद्यावर फासळ्यांची सावली आली, त्यात धडधडणारी रक्तवाहिनी आली, आणि वरच्या कोपऱ्यात एक बारीकसं काळं आकड्यासारखं काहीतरी.

ते मी ओळखलं. माझे यजमान लहानपणी खडकावरून मासे गरवत होते. पाय घसरला आणि गळ त्यांच्याच छातीत घुसला. वैद्याने ओढून काढला, पण टोक मोडून आत राहिलं. त्याचा कधी त्रास झाला नाही म्हणून कोणी काढलं नाही. होडीत बसलेल्या पाहुण्यांना ते शर्ट बाजूला करून तो व्रण दाखवायचे : "मी मासो धरूक गेलंय, तर माशान माकाच गरवल्यान!" पाहुणे हसायचे. तोच गळ आता त्यांच्या प्रत्येक श्वासाबरोबर पडद्यावर वर-खाली होत होता. जिवंत माणसाचं चित्र होतं ते. मी खुर्चीचा दांडा धरून बसले.

डॉक्टर सांगत होते. रक्तवाहिनीच्या एका जागी चुना साचून ती दगडासारखी कडक झाली होती. ती जागा आधी नीट मोकळी करायला हवी होती. स्टेंट पुरता उघडला की नाही, हे आत सूक्ष्म कॅमेरा घालून बघायला हवं होतं. बाहेरून ठीक दिसलं म्हणून ते तिथेच थांबले. स्टेंट त्या जागी अर्धवटच उघडला होता. मागून कोणीतरी विचारलं, "पेशंटने गोळ्या बंद केल्या होत्या का, सर?" डॉक्टर म्हणाले, "एक गोळी चुकली होती. चुकायला नको होती. त्यांच्या पत्नीने फोनवर खरं ते सांगितलं. पण त्या चुकलेल्या गोळीच्या मागे मी बरेच दिवस लपलो. मी माझं काम पुरं केलं असतं, तर तेवढ्यावरून तो माणूस बहुतेक गेला नसता."

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "तो फोन मीच केला होता." त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. मला त्यांची माफी नको होती. मी एवढंच विचारलं, "हे घरी माझ्या सासूला सांगू का?" ते म्हणाले, "सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

घरी आले तेव्हा सासूबाई अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "आई, गोळी सोडूक नको होती, ता खरा. पण जाळी पयलीपासूनच पुरी उघडूक नव्हती. डाक्टरान स्वतः सगळ्यांसमोर सांगल्यान." त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा. मग विचारलं, "तेच्या छातीतली गरी दिसली तुका?" मी होय म्हटलं. त्या तिथेच सोलांच्या शेजारी बसल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. मीही रडले. ते परत येणार नव्हते, हे आम्हाला त्या दिवशी पुन्हा नव्याने कळलं.

त्यानंतरच्या सोमवारी देवळात गेलो. गुरवाने पाकळ्या भिजवायला घेतल्या. "नको," सासूबाई म्हणाल्या, "आज गाऱ्हाणा घाल. त्या डाक्टरासाठी." गुरवाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि डॉक्टरांची गोष्ट त्याला थोडक्यात सांगितली. त्याने हात जोडले : "बा देवा म्हाराजा, घाटावरच्या त्या डाक्टरान आपली चूक चार माणसांत कबूल केल्यान. तेच्या हाताक यश दी. तेच्या हाताखाली येतीत त्या सगळ्यांका सांभाळ, म्हाराजा!" आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवाकडे मागणं, त्याला जमलेल्यांनी होकार द्यायचा असतो. तिथे आम्ही दोघीच होतो, आणि सासूबाईंनी कपाळ उंबऱ्याला टेकवलेलं. म्हणून मी म्हटलं, "व्हय म्हाराजा." माझा आवाज गाभाऱ्यात मला ओळखीचा वाटला नाही.

त्या सिस्टरच्या मुलाला ताप का आला, मला माहीत नाही. देव इतकी वर्षं का गप्प राहिला, तेही नाही. मी त्याचा अर्थ लावत बसत नाही, फक्त देवाचे उपकार मानते. सासूबाई आता पोटभर जेवतात. कॅथलॅबमध्ये स्टेंट बसला की मी डॉक्टरांना विचारते, "आतून एकदा बघू या ना, सर?" कधी ते वैतागतात, तरी विचारते. रुग्णाच्या आईला, बायकोला समोर बसवून सांगते, रक्त दिसलं तर आम्हाला फोन करा, गोळी आपल्या मनाने सोडू नका. एवढं माझ्या हातात आहे, ते मी पुरं करते. मग रुग्णाला बाहेर नेतात, आणि हातमोजे काढता काढता उरलेलं मी ज्याचं आहे त्याच्यावर सोपवते. मोठ्याने नाही, मनातच म्हणते. व्हय म्हाराजा.