वांग्याची गाय

दादाचा फोन आला तेव्हा मी वांगी निवडत होते. "युकी गेली गं..." एवढंच म्हणाला. हातातल्या वांग्याला भोक होतं. मला रडू यायच्या आधी भीती वाटली. तीस वर्षं दडपून ठेवलेली, जुनीच.

युकीवहिनी जपानची. दादा मागांच्या यंत्रांचं काम शिकायला तिकडे गेला आणि येताना तिला सोलापुरात घेऊन आला. मोडनिंबहून शहरात आलेल्या आमच्या घराला हा धक्काच होता. पण वहिनी महिन्याभरात भाकरी थापायला लागली, मराठीही आईच्या हाताखाली शिकली, म्हणजे पक्की सोलापुरी. मला 'वन्सं' म्हणायची आणि गल्ली हसायची.

पहिल्याच वर्षी तिचे वडील वारले. तिला जाता आलं नाही. ऑगस्टच्या मध्यात त्यांच्याकडे ओबोन असतो, आपल्या पितृपक्षासारखा. दारात छोटा विस्तव करून पितरांना वाट दाखवायची, तीनचार दिवस ठेवून घ्यायचं आणि शेवटच्या संध्याकाळी पुन्हा विस्तव करून निरोप द्यायचा. काकडीला काड्यांचे चार पाय लावले की झाला घोडा. त्यावर बसून पितर लगबगीनं येतात. वांग्याची करतात गाय, तिच्यावरून ते रमतगमत परत जातात. वहिनीनं खराट्याच्या काड्या मोडून दोन्ही जनावरं केली आणि देवघराखाली मांडली. आईचा जीव खालीवर.

"श्रावणात मेल्याल्या माणसाला घरात बोलवायचं व्हय? अन् पोरीला बगाय पावनं येनार हायती!"

ती पोरगी म्हणजे मी. आधीची दोन स्थळं मोडली होती. त्या दिवसांत मला स्वयंपाकघरात एकटीला उभं राहवेना, मागं कुणीतरी असल्यासारखं वाटायचं. पाहुणे यायचे होते नेमके शेवटच्या संध्याकाळी. दुपारी वहिनी न्हाणीत गेली आणि मी दोन्ही जनावरं उचलली. काड्या उपटून खिडकीबाहेर भिरकावल्या. घोड्याची कोशिंबीर झाली, गायीची भाजी. ही मांडामांड मोडली की सगळा प्रकारच मोडेल, असं वाटलं. गाय मोडल्यावर आलेला माणूस परत जाणार कसा, हे डोक्यातच आलं नाही.

वहिनी ओल्या केसांनी आली. देवघराखाली बघितलं, मग कढईत बघितलं.

"काड्या गळून पडल्या होत्या," मी म्हटलं. "मला वाटलं भाजीचंच हाय."

"बाबा आता कसं जानार?" तिनं हळूच विचारलं. घरात दुसरं वांगं नव्हतं. दादा मंडईकडे धावला, पण तो परत येईपर्यंत पाहुणे दारात होते आणि दारात विस्तव पेटवायला आईनं साफ नाही म्हटलं. वहिनीनं पोह्यांच्या बश्या फिरवल्या. माझं लग्न ठरलं.

मी होटगीला सासरी गेले. पुढच्या वर्षी मी माहेरी आले तेव्हा वहिनीनं गाय जरा मोठी केली, माझ्याकडे मात्र बघितलं नाही. त्यानंतर दर ऑगस्टला मी काहीतरी कारण काढून माहेरी जायचं टाळलं. चोराच्या मनात चांदणं.

शेवटची भेट दवाखान्यात. खोलीत आम्ही दोघीच.

"वन्सं, भोकं पडल्यालं वांगं तुमी कदी भाजीत घालता का?"

माझ्या नजरेतून किडकं वांगं कधी सुटत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

"माज्या गायीला तर चार भोकं हुती," ती म्हणाली. "मला तवाच कळलं."

"वहिनी, मी..."

"लई राग आला हुता. मग वाटलं, बाबा आता वरीसभर हितंच. ते वरीस मी ह्या घरात एकटी न्हवते, वन्सं..." मग तिनं पाणी मागितलं. माफी मागायची राहूनच गेली.

ती गेल्यानंतरचा पहिला ओबोन परवाच झाला. दादाकडे जाऊन मी घोडा केला, दारात विस्तव केला. कोवळं वांगं निवडून त्याला चार काड्या टोचल्या. शेवटच्या संध्याकाळी दादा काडेपेटी घेऊन उंबऱ्यात उभा राहिला. "अंधार पडाय लागला. निरोप द्यायचा की?"

मी गाय उचलली, काड्या उपटल्या आणि वांगं त्याच्यासमोर धरलं.

"कसा द्यायचा? हे बघ, किडकं निघालं."

दादानं ती चार भोकं नीट बघितली... आणि काडेपेटी खिशात ठेवून दिली.