तीन धारांचा इन्व्हर्टर

आमच्या हंबीररावाला म्हशीतलं कळतंय, ह्यात वाद न्हाय. शिरोली एमआयडीसीच्या मागं आमची वस्ती. तिथनं कुणी म्हैस आणायला निघालं की आधी ह्याच्या दारात. हा कास चाचपणार, शिंगं बघणार, आणि तीन वेळची धार डोळ्यांदेखत काढून घेतल्याशिवाय सौदा करणार न्हाय. अडचण एवढीच की गड्याला वाटतंय, जगात जे काय विकत मिळतंय ते सगळं म्हशीगतच असतंय. मी त्याचा शेजारी. टेम्पो माझा, म्हणून त्याच्या प्रत्येक उद्योगात मी.

औंदा त्याला इन्व्हर्टर घ्यायचा होता, त्याच्या बायकोपायी. सात म्हशींच्या धारा काढून काढून शालूवैनींची दोन्ही मनगटं गेली. डॉक्टरनं सांगितलं, हातानं धार बंद, न्हायतर ऑपरेशन. म्हणून धारेचं मशीन आणलं. पण लाइट नेमकी धारेच्या वक्ताला जायची, आणि म्हशी काय लाइटीची वाट बघत न्हाईत. वैनी मनगटाला पट्टा गुंडाळून परत हातानंच बसायच्या. बघून माझं डोकं फिरायचं.

शाहूपुरीतल्या दुकानात गेलतो. दुकान चालवणारी वर्षाराणी, इंजिनिअर पोरगी. तिनं नीट समजावलं. हा हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे उन्हावर, बॅटरीवर आणि लाइटीवर, तिन्हींवर चालतो. पण मोटर सुरू होताना तिप्पट जोर मागते, तर एका वक्ताला घरात काय काय चालतंय तेवढं सांगा. हंबीररावनं ऐकलंच न्हाय. तो इन्व्हर्टरच्या पाठीवरनं हात फिरवत होता. शेवटी म्हणाला, हा पाच किलोवॅटचा अंगानं बरा हाय, तीन धारा बघतो, मग पैसे. मला तर तोंड कुठं लपवू असं झालं. पण पोरगी हसली न्हाय. दुकानात दाखवायला ठेवलेलाच इन्व्हर्टर तिनं बॅटरीसकट टेम्पोत चढवून दिला, आणि जोडायला माणूस बी पाठवला.

पहिली धार संध्याकाळची. रोजच्यासारखी लाइट गेली. हंबीरराव मिशीवरनं हात फिरवत बोर्डापाशी आला आणि त्यानं चारी बटनं एकदम दाबली: धारेचं मशीन, कडबाकुट्टी, हौदाची मोटर आणि स्वतःच्या आंघोळीचा गिझर. इन्व्हर्टर टींव टींव करून गप झाला. पुन्हा लावला, पुन्हा गप. हंबीररावनं निकाल दिला, आटलेला हाय. अरं बाबा, चौघांचं ओझं एकाच्या डोक्यावर दिलंस तर तो बसणारच की! पण ऐकतंय कोण. त्या संध्याकाळी वैनींनी सातच्या सात म्हशींची धार हातानं काढली, आणि नंतर त्यांना भाकरी थापता येईना. हंबीररावनं सकाळचं शिळं गप खाल्लं. मी घरात जाऊन वर्षाराणीला फोन लावला.

दुसऱ्या धारेला पोरगी पहाटे पाचला दारात हजर. तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला, ह्या वक्ताला काय काय चालतंय? हंबीरराव माझ्याकडं बघायला लागला. त्यानं पहाटेचे पाच कधी बघितलेच नव्हते. तो आठला उठायचा तवा पाणी तापलेलं आणि च्या तयार. शेवटी वैनींनीच पट्टा बांधलेल्या हाताच्या बोटांवर मोजत सगळं सांगितलं. मी भिंतीपलीकडं राहतो, पण मला तरी कुठं माहीत होतं?

वर्षाराणी म्हणाली, दोन वाटा हायत. एक तर आठ किलोवॅटचा घ्या. न्हायतर हाच पुरतो, पण धारेचं मशीन चालू असताना बाकीचं एकेक करून लावायचं. आधी हौद, तो बंद केला की कडबाकुट्टी, ती थांबली की गिझर. वैनींना म्हशीपासनं उठता यायचं न्हाय, म्हणून बोर्डापाशी कुणीतरी उभं पायजे.

"आठचाच दे," हंबीरराव लगेच म्हणाला.

सौद्यात वैनी कधी बोलत न्हाईत. त्या दिवशी बोलल्या.

"मोठा कशाला? ह्योच राहूद्या. बटन दाबायला माणूस हाय की घरात."

हंबीररावनं मागं वळून बघितलं, कोण माणूस ते.

तिसऱ्या धारेला, संध्याकाळी लाइट गेली तसा, तो बोर्डापाशी उभा. हौद भरला का बघायला पळ, कडबाकुट्टीत वैरण घाल, परत बोर्डाकडं पळ. घामानं गंजी भिजली. इन्व्हर्टरनं मात्र हूं का चूं केलं न्हाय. किटल्या भरल्या. वैनी पायरीवर बसून दोन्ही हातांत कप धरून च्या प्यायला लागल्या. त्यांना असं निवांत बसलेलं मी तरी पहिल्यांदाच बघितलं, आणि खरं सांगतो, लई बरं वाटलं.

हंबीरराव धापा टाकत शेजारी टेकला. हळूच म्हणाला, "रोज एवढं असतंय व्हय गं?"

"न्हाय," वैनी म्हणाल्या. "आज कमी होतं. आज तुम्ही होतासा."