टीचरच्या व्हिसावर

माझी पत्नी ‘अनुराधा’ या हाकेला कधीही ओ देत नसे. हाक मारणारा समोर उभा असला, तरी ती हातातले काम शांतपणे करत राही. लग्नात आईच्या इच्छेनुसार मी ताटातल्या तांदळांत अंगठीने तिचे हे नवे नाव लिहिले, तेव्हा ती हसली होती. त्या हसण्याला मी होकार समजलो. तिचे नाव मंगल. दुबईत, करामा भागातल्या आमच्या इमारतीत, तिला सगळे ‘टीचर’ म्हणत आणि पुढे मीही तेच म्हणू लागलो. दोन नावांतले एक निवडण्याचा प्रसंग त्यामुळे टळत असे. तिला जाऊन आता काही वर्षे झाली. घरात मी एकटा असतो आणि अशा गोष्टींचा विचार करायला वेळ पुष्कळ असतो.

लग्नाआधीच ती एकटी दुबईला येऊन एका भारतीय शाळेत गणित शिकवत होती. तिथे पत्रे घरी येत नाहीत, पोस्टाच्या पेटीत येतात. आमची शाळेच्या पेटीत येत. आईने सांगलीहून ‘चि. सौ. अनुराधा’ला लिहिलेले पहिलेच पत्र तिने क्लार्कच्या हाती परत दिले. “या नावाचं आपल्या स्टाफमध्ये कोणी नाही,” एवढेच म्हणाली. पत्र शिक्का घेऊन सांगलीला पोचले. त्यानंतर आई मलाच लिहू लागली. सुनेची चौकशी शेवटच्या ओळीत, नाव न घेता.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझी कंपनी बंद पडली आणि नोकरीबरोबर व्हिसाही गेला. महिन्याभरात दुसरी सोय करायची, नाहीतर देश सोडायचा. नवी नोकरी मिळेना. शिक्षिका, डॉक्टर अशा मोजक्या स्त्रियांना मात्र नवऱ्याचा व्हिसा काढता येई. टीचरने तो काढायचे ठरवले. मला ते कुणाला सांगायचीही लाज वाटे. ती मात्र जिन्यात भेटेल त्याला सांगे. एका शुक्रवारी जेवायला आलेल्या मित्राने तिला डिवचले, “काय वहिनी, आता यांच्या पासपोर्टवर हाउसवाइफ लिहून येणार का?”

“येऊ दे की,” ती म्हणाली. “पोळ्या माझ्यापेक्षा गोल करतात.”

अडले ते लग्नाच्या दाखल्यावर. त्यात वधू अनुराधा होती, माझे आडनाव लावलेली. पासपोर्टवर होती मंगल केशव पाटणकर. कागदोपत्री माझे लग्न भलत्याच बाईशी झाले होते. सरकारी अर्ज टाइप करून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधल्या केरळच्या गृहस्थांनी उपाय सुचवला: दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे प्रतिज्ञापत्र. “एक साइन, टीचर. खलास.”

टीचरने मसुदा वाचला आणि परत दिला. मला या नावानेही ओळखतात असे यात लिहिले आहे; कोण ओळखते, ते सांगा, असे ती त्यांना म्हणाली. ते माझ्याकडे पाहू लागले. मी पंख्याकडे.

घरी मी विनवण्या केल्या.

“नाव तुम्ही बदललंत,” ती म्हणाली, “तर दुरुस्तही तुम्हीच करून आणा.”

“आणि नाही झालं तर?”

“तर मी इथे, तुम्ही तिथे. मला ते मुळीच आवडणार नाही. पण शपथेवर खोटं लिहिणार नाही.”

मी रागावलो. रागातच बॅग भरायला घेतली.

देश सोडून मी सांगलीला गेलो. दाखल्याच्या दुरुस्तीसाठी लग्नाला हजर असलेल्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब लागणार होता, आणि असे माणूस आईच उरली होती. ऐकल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पातळ बदलून बाहेर आली आणि रिक्षा बोलावायला सांगितली. कचेरीत जबाबावर सही करून म्हणाली, “तिला सांग, सही केली म्हणजे मला पटलं असं नाही.”

मी फोनवर निरोप शब्दशः पोचवला. “त्यांना सांगा, मलाही त्यांचं पटलेलं नाही,” टीचर म्हणाली. “पण बाई सरळ आहेत.”

दुरुस्त दाखल्यावर शिक्के घेत मला बरेच हिंडावे लागले. शेवटी व्हिसा निघाला. त्या काळी तो विमानतळावरच्या एका खिडकीत आधी जमा होई आणि उतरलेल्या माणसाने स्पॉन्सरचे, म्हणजे व्हिसा काढून देणाऱ्याचे, नाव सांगून तिथून घ्यायचा असे. माझ्या पुढचे सगळे कंपन्यांची नावे सांगत होते.

“कंपनी का नाम?” खिडकीतल्या माणसाने विचारले.

“कंपनी नहीं. बीवी.”

मागे कुणीतरी हसले. त्याने माझा पासपोर्ट पाहिला आणि माझ्या आडनावाने गठ्ठा चाळू लागला. अशा वेळी समोरच्याला अडवू नये, खाली पाहत थांबावे, हा माझा जन्माचा स्वभाव.

“उस नाम से नहीं मिलेगा,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. “मंगल केशव पाटणकर. मैं उनके व्हिसा पर आया हूँ.”