हनुवटीवरचा अंगठा

माझ्या थोरल्या बहिणीचा खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे होता. ओठ मिटायचे तर ताईला हनुवटी आवळून धरावी लागे, त्यामुळे फोटोत ती कायम रागावलेली दिसे. एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावर मुंबईच्या एका सर्जननी तिचा जबडा कापून मागे नेला आणि वरचे-खालचे दात तारेने बांधून तिला अंबरनाथला घरी धाडलं. ती निघताना, मागे विद्यार्थ्यांची वरात उभी करून ते म्हणाले, "हाड आम्ही हलवलंय. मांस मागून सावकाश येईल. खालचा ओठ बधिर आहे, तो बहुधा जागा होईल. मी सांगेपर्यंत चेहऱ्याला कोणी हात लावायचा नाही."

तो 'बहुधा' ताईने घरी आणला. सुजेचं तिला काही नव्हतं. पण पेज हनुवटीवरून ओघळली तरी तिला कळत नसे. आईच्या बघण्यावरून कळे.

बेलवलीहून आत्या आली ती खोबरेलाची वाटी मागतच. घरातल्या प्रत्येक तान्ह्या मुलाचं नाक आपण तेल चोळून घडवलं, असं ती सांगे. आमची नाकं पाहता तिने ते सांगायला नको होतं.

"सुजलंय म्हणजे अजून मऊ आहे. आत्ताच आकार द्यायचा."

"डॉक्टर नको म्हणालेत," आई म्हणाली.

"त्यांनी किती बाळं न्हाऊ घातली?"

ताई तारेआडून म्हणाली, "आत्या, मी तान्ही नाही."

"मग बोंडल्याने पेज कोण पितं?"

शेवटी ताईने शब्द दिला, की डॉक्टर हो म्हणाले तर दिवाळीच्या अभ्यंगाला हनुवटी तुझी. आत्या वाटी घेऊन माझ्या गुडघ्यांकडे वळली.

तारा निघाल्या. सूज आधी गालांवरून उतरली, मग जबड्याखालून. खालच्या ओठाखाली, जिथे सपाट होतं तिथे, हलकासा खळगा पडला. वाचताना ताईचे ओठ आपोआप मिटलेले असत. शेजारणी कौतुक करत. ती मान डोलावी आणि चहा झाला की पदराने हनुवटी पुसून घेई, ओघळ असो नसो.

दिवाळीपर्यंत डॉक्टरांचा होकार आला होता. आत्याने तिला पाटावर बसवलं, दोन्ही अंगठे हनुवटीवर टेकवले आणि जबडा तीच मागे नेत असल्यासारखे दाबले.

"आत्या, नख लागतंय," ताई म्हणाली.

"कुठे?"

"ओठाखाली. डावीकडे."

उटणं कालवणारा आईचा हात थांबला. आत्याने अंगठा उचलून नख न्याहाळलं. "तरी मी पहिल्या दिवशीच म्हणत होते."

ताईने तो अंगठा धरून पुन्हा तिथेच ठेवला.

"दाब," ती म्हणाली.